कप गावाला, गुंड बाईच्या डोक्यावर

पाण्याचा खेळ करता येतो का? महाराष्ट्रात चार उन्हाळे तो करून दाखवण्यात आला. ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ या नावाने २०१६ ते २०१९ अशी चार वर्षे गावागावांत स्पर्धा झाली. तिचे चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले, लाखांची बक्षिसे वाटली गेली आणि २०१९ नंतर ही स्पर्धा थांबली. आज तिचा विषय निघाला की लोक हळवे होतात. सगळे गाव कसे एक झाले होते, रात्री बत्त्या लावून कसे खोदकाम चालायचे, हे गावातले पुरुष कार्यकर्ते अजून रंगवून सांगतात. मी यवतमाळ जिल्ह्यात शेतमजूर बायांमध्ये काम करते. त्यांनाही ते उन्हाळे चांगले आठवतात. पण त्यांची आठवण वेगळी आहे आणि ती कोणत्याच मालिकेत आलेली नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्वच्छ सांगते. या स्पर्धेने गावाला पाणी अडवायला शिकवले, पण अडवलेले पाणी कुणाचे हा प्रश्न विचारायचे टाळले. बाईच्या श्रमावर गावाने गुण मिळवले. पाण्यावरचा तिचा हक्क मात्र गुणपत्रिकेत कुठेच नव्हता.

संपलेल्या स्पर्धेवर आता कशाला लिहायचे, असे कुणी विचारेल. स्पर्धा संपली तरी पद्धत शिल्लक आहे म्हणून लिहायचे. गावाच्या मूलभूत गरजेची स्पर्धा लावायची, गुण द्यायचे, क्रमांक काढायचे, पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस द्यायचे, ही पद्धत सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून, म्हणजे २०००-०१ पासून रुजवली. वॉटर कपने तिला सिनेमाचे तेज दिले. त्याच संस्थेने पुढे समृद्ध गाव स्पर्धा घेतली आणि २०२२ पासून शेतकरी गटांसाठी ‘फार्मर कप’ सुरू केला. उद्या आणखी एखादा कप येईल. त्या वेळी आपल्या बायांनी कोणते प्रश्न विचारायचे, हे आजच ठरवून ठेवायला हवे.

स्पर्धा कशी होती

आमिर खान आणि किरण राव यांनी २०१६ मध्ये पानी फाउंडेशन स्थापन केले. ‘सत्यमेव जयते’ ही दूरचित्रवाणी मालिका करणारी सत्यजित भटकळ आणि त्यांचे सहकारी हीच मंडळी यात होती. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. २०१७ मध्ये ३० तालुके झाले, २०१८ मध्ये ७५. आपल्या जिल्ह्यातली राळेगाव, कळंब, उमरखेड या तालुक्यांतली गावे २०१७ मध्ये उतरली. गावाने ग्रामसभेत ठराव करायचा, निवडलेल्या गावकऱ्यांनी निवासी प्रशिक्षण घ्यायचे आणि ८ एप्रिल ते २२ मे या पंचेचाळीस दिवसांत पाणलोटाची कामे करायची. सलग समतल चर, दगडी बांध, शेततळी, नाल्यावरचे बंधारे, घरामागचे शोषखड्डे, रोपवाटिका. श्रमदानाने किती घनमीटर काम झाले आणि यंत्राने किती, याचे मोजमाप व्हायचे. गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला का, हेही पाहिले जायचे. एकूण शंभर गुण.

पहिल्या वर्षी साताऱ्यातल्या वेळू गावाला ५० लाखांचे पहिले बक्षीस मिळाले. २०१७ मध्ये ते आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या काकडदरा या गावाने मिळवले. २०१८ मध्ये माण तालुक्यातली टाकेवाडी आणि २०१९ मध्ये बार्शी तालुक्यातले सुर्डी पहिले आले. तोपर्यंत बक्षिसाची रक्कम ७५ लाखांवर गेली होती. मराठी वाहिन्यांवर ‘तुफान आलंया’ ही मालिका लागायची. तीत सिनेमा-नाटकातले ओळखीचे चेहरे गावात यायचे, टिकाव हातात घ्यायचे, गाणे वाजायचे.

यात चांगले काहीच नव्हते असे मी म्हणणार नाही. माथा ते पायथा पाणी कसे अडवायचे हे शास्त्र अभियंत्यांच्या कचेरीतून निघून मराठीतून, चित्रांतून, हाताने करून साध्या माणसांपर्यंत पोचले. ठेकेदाराशिवाय काम होऊ शकते, हे लोकांनी पाहिले. ज्या बाया कधी ग्रामसभेच्या पायरीवर चढल्या नव्हत्या त्या प्रशिक्षणाला गेल्या, चार रात्री घराबाहेर राहिल्या, परत येऊन पुरुषांना चराची आखणी समजावू लागल्या. अनेक गावांत विहिरींचे पाणी वाढले. हे सगळे खरे आहे. पण म्हणूनच विचारायचे आहे: इतक्या बाया इतक्या हिरिरीने बाहेर पडल्या, तर त्यांच्या हाती काय आले?

दान कोण करते?

आधी ‘श्रमदान’ हा शब्द तपासू. ज्याच्याकडे काही जास्तीचे असते तो दान करतो. शेतमजूर बाईकडे जास्तीचे काय असते? तिच्याकडे श्रमाशिवाय विकायला दुसरे काहीच नाही, आणि तेच तिने दान करावे असे गावाने ठरवले.

स्पर्धेचा काळ बघा. ८ एप्रिल ते २२ मे. यवतमाळात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. कापसाची वेचणी संपलेली असते, तुरी निघून गेलेल्या असतात. कोरडवाहू वावरात पऱ्हाटी उपटण्यापलीकडे काम नसते. मजूर घरात हाच काळ सगळ्यांत तंगीचा. अशाच काळासाठी महाराष्ट्राच्या कष्टकऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर लढून रोजगार हमी मिळवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा करवून घेतला. तो कायदा यावा म्हणून मोर्चे काढणाऱ्यांत बाया पुढे होत्या, कारण दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांत त्याच बहुसंख्य होत्या. पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. चर खणणे, बांध घालणे, तळे खोदणे ही सगळी कामे त्या कायद्याच्या यादीतलीच होती. त्या कायद्याने बाईला पुरुषाइतकीच मजुरी दिली. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार दिला, आणि पाच-सहा लहान मुले असली तर ती सांभाळायला एक बाई दिली.

२०१८-१९ मध्ये महाराष्ट्रात या योजनेचा मजुरीचा दर दिवसाला २०३ रुपये होता. पंचेचाळीस दिवसांचे ९,१३५ रुपये होतात. श्रमदान रोज दिवसभर नसायचे, सकाळी दोन-तीन तास नाहीतर संध्याकाळी असायचे, हे मला ठाऊक आहे. अर्धाच दिवस धरा. तरी साडेचार हजारांवर रक्कम जाते. बीटीचे बियाणे घ्यायच्या तोंडावर साडेचार हजार म्हणजे सावकाराकडे जायचे की नाही याचा फैसला. ज्या कामाचे दाम मागण्याचा बाईला कायद्याने हक्क होता, तेच काम तिने टाळ्यांवर केले.

ऐच्छिक होते, जबरदस्ती कुठे होती, असे उत्तर मिळते. ग्रामसभेने ठराव केला, गावाची इज्जत पणाला लागली, शेजारचे गाव पुढे गेले अशी बातमी आली आणि घरटी एक माणूस पाहिजे असे ठरले की गावातली कोणती भूमिहीन बाई ‘मी येत नाही’ म्हणू शकते? उद्या तिला त्याच लोकांच्या वावरात निंदणाला जायचे असते. आणि घरटी एक माणूस म्हटल्यावर त्या घरातून कोण जाते, हे आपण सगळ्या जाणतो.

१ मेला महाश्रमदान ठेवले जायचे. शहरांतून ‘जलमित्र’ यायचे, बसगाड्या भरभरून यायचे. महाराष्ट्र दिन म्हणून ही तारीख निवडली असेल. पण १ मे हा कामगार दिनही आहे. आठ तासांच्या कामासाठी आणि कामाच्या दामासाठी जगभर रक्त सांडले त्याची ती तारीख. त्या दिवशी फुकट काम करण्याचा उत्सव व्हावा आणि कुणालाही काही खटकू नये, यातच सगळे आले. जलमित्र संध्याकाळी परत गेला. त्याच्या हाताला फोड आले ते त्याने कौतुकाने दाखवले. मजूर बाईच्या हाताला फोड येत नाहीत. तिथे घट्टे असतात.

साडेपाच टन पाण्याला शून्य गुण

आता दुसरा हिशेब. श्रमदानावरून बाई घरी आली की तिचे पाण्याचे काम संपत नव्हते, तिथून ते सुरू व्हायचे. उन्हाळ्यात हापशी आटलेली, गावविहीर तळाला गेलेली. टँकर आला तर आला, नाहीतर लांबच्या वावरातल्या विहिरीवर जायचे. पाच माणसांचे घर, दोन गुरे. पंधरा लिटरचा एक गुंड धरला आणि दिवसाला आठ गुंड धरले, तर १२० लिटर होतात. हे काही चैनीचे पाणी नव्हे. पिणे, स्वयंपाक, भांडी, आंघोळ, गुरांचे पाजणे यातच भागवायचे. पंचेचाळीस दिवसांत झाले ५,४०० लिटर. स्पर्धेच्या भाषेत ५.४ घनमीटर. वजनात जवळजवळ साडेपाच टन. एका बाईने, डोक्यावरून, ४५ अंशांच्या उन्हात, त्याच पंचेचाळीस दिवसांत वाहिलेले.

टिकावाने निघालेली माती घनमीटरने मोजली गेली. डोक्यावरून आलेले पाणी कुणी मोजले नाही. माती खणणे हे ‘काम’ आणि पाणी आणणे हा ‘बाईचा जन्म’, ही वाटणी स्पर्धेच्या आधीही होती, स्पर्धेतही तशीच राहिली. चरावरसुद्धा पाहा: कुदळ आणि टिकाव पुरुषाच्या हातात, घमेले बाईच्या डोक्यावर. खोदणारा दमला की बसतो. वाहणारीला बसायला वेळ नसतो, कारण तिच्या मागे भरलेले घमेले तयार असते.

एवढी कल्पक मंडळी नियम तयार करत होती. पंचेचाळीस दिवस घरचे पिण्याचे पाणी पुरुषांनी भरावे, अशी एक अट आणि तिला पाच गुण एवढे ठेवले असते, तर महाराष्ट्राच्या हजारो गावांत दीड महिना हंडा पुरुषाच्या खांद्यावर दिसला असता! खर्च काही नव्हता. जेसीबी लागला नसता. सुचले मात्र नाही. याच मंडळींच्या मालिकेचा २०१२ मधला पहिलाच भाग स्त्रीभ्रूणहत्येवर होता, आणि त्याबद्दल आपण त्यांचे आभारही मानले होते. बाईचा जन्म नाकारणारी व्यवस्था ज्यांना दिसली त्यांना बाईच्या डोक्यावरचा गुंडही दिसला. पण तो त्यांना दुष्काळाचे चित्र म्हणून दिसला. बाईवर लादलेले काम म्हणून दिसला नाही. पाणी जवळ आले तरी ते आणायचे काम तिचेच राहणार असेल, तर तिचे फक्त अंतर कमी होते.

पाणी कुणाच्या विहिरीत उतरले?

तिसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. माथ्यावर, गायरानात, वनजमिनीच्या कडेला चर खणले. पाऊस पडला, पाणी मुरले, खाली वाहत गेले. कुठे? पायथ्याशी ज्यांची वावरे आहेत त्यांच्या विहिरींत. जमिनीखालचे पाणी जमिनीच्या मालकाचे, ही इंग्रजांच्या काळातली समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे घट्ट बसली आहे. म्हणजे सातबारा ज्याचा, पाणी त्याचे. चर खणणारी भूमिहीन, कोलामांच्या पोडावरची, तांड्यावरची, बौद्धवाड्यातली. पाणी मात्र ओलिताच्या वावराचे.

यवतमाळात पाऊस अगदीच कमी पडतो असे नाही. सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास. माण-खटावला आपल्या निम्म्याइतका पाऊसही हेवा वाटण्यासारखा आहे. जिल्ह्याच्या एका अंगाने वर्धा नदी वाहते, दुसऱ्या अंगाने पैनगंगा. बेंबळा आहे, अरुणावती आहे, अडाण आहे, पूस आहे. तरी बहुतेक शेती कोरडवाहू. तेव्हा इथला प्रश्न पाणी पडण्याचा कमी आणि पडलेल्या पाण्यावर कुणाचा ताबा हाच जास्त आहे.

एका गावातली हकीकत सांगते, गावाचे नाव सांगत नाही. तिथे दोन उन्हाळे मजूर बाया चरावर राबल्या. नाल्याजवळच्या विहिरीला खरोखर पाणी वाढले. मालकाने त्यावर रब्बीत गहू-हरभरा घेतला. मार्चअखेर गावविहीर आटली तेव्हा बाया त्या विहिरीवर गेल्या. मालकाने दोन दिवस भरू दिले, तिसऱ्या दिवशी मोटर चालू आहे, पिकाला पाणी कमी पडते, असे सांगून परत पाठवले. कायद्याने तो चुकला नव्हता. बायांनी पाण्यासाठी काम केले होते, पण पाण्यावर त्यांचे नाव कुठेच लिहिलेले नव्हते.

एकट्या बायांचे तर विचारूच नका. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशाला कशामुळे माहीत झाले, ते सांगायला नको. २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात आपण होतो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटनाला वैशाली येडे या शेतकरी विधवेला बोलावले गेले. व्यासपीठ मिळाले, चांगले झाले. पण व्यासपीठावर जागा मिळणे सोपे, सातबाऱ्यावर मिळणे अवघड! महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ बायांची पाहणी केली. नवरा जी जमीन कसत होता तिच्यावर ४० टक्के बायांना हक्क मिळालेला नव्हता. जमीन नाही म्हणून विहीर नाही, विहीर नाही म्हणून मोटर नाही. अशा बाईच्या घमेल्याने शिवारात आलेले पाणी तिच्या वावरापर्यंत कोणत्या वाटेने पोचणार?

आणखी एक पाणी सांगते, जे कुणाच्या ताळेबंदात नाही. कपाशीच्या फवारणीत पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, आणि पंपात घालायचे पाणी बाई वाहून आणते, औषध कालवायला हात लावते. २०१७ च्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्या तालुक्यांनी पहिला वॉटर कप खेळला त्याच वर्षी, या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. वाढलेल्या पाण्याने कोणती शेती करायची, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे त्या वर्षाने दाखवले. केळापूर, झरी-जामणीकडच्या गावांत पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांचे दात पिवळे पडतात, म्हाताऱ्यांची हाडे वाकतात. तिथे घनमीटर वाढून बाईची काळजी मिटत नाही. पाणी किती, याच्या जोडीला पाणी कसे, हेही तीच विचारते, कारण आजारी माणसाचे तिलाच करायचे असते.

‘राजकारण नको’ म्हणजे काय?

मालिकेत खलनायक एकच होता: दुष्काळ. त्याला चेहरा नव्हता, पक्ष नव्हता, जात नव्हती. गटतट विसरा, एक व्हा, दुष्काळाला हरवा. ऐकायला फार गोड वाटते. पण दुष्काळ आभाळातून जेवढा पडतो तेवढाच मंत्रालयातून पडतो. सरकारने जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींच्या वर रुपये खर्च केले. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि त्यात स्पष्ट म्हटले, की गावांची पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजल वाढण्यावर या खर्चाचा फारसा परिणाम झाला नाही. एच. एम. देसरडा, प्रदीप पुरंदरे यांच्यासारखे अभ्यासक नाला खोलीकरणाच्या अशास्त्रीय कामांबद्दल आधीपासून ओरडत होते. पण जेव्हा प्रत्येक गाव आपापल्या चरात गुंतलेले असते आणि जिंकलो तर आपल्या घामाने, हरलो तर आपल्या आळसाने असे त्याला शिकवलेले असते, तेव्हा सरकारला जाब कोण विचारणार? स्पर्धेत हरलेले गाव शेजारच्या गावाकडे बघते, जिल्हाधिकारी कचेरीकडे बघत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहरात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली. कित्येक दिवसांनी एकदा नळ यायचा. बाया रात्र-रात्र टँकरची वाट बघत बसायच्या. त्यांना कुणी श्रमदान करा म्हटले नाही. त्यांना टँकर मिळाला, कमी मिळाला, पण मागण्याचा हक्क त्यांनी धरला. मुंबईत मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते त्यांनी विहीर खणली म्हणून नव्हे, तर पाणी देणे हे सरकारचे काम आहे हे सरकारला ऐकायला लावले म्हणून. मग पाणी मागण्याचा हक्क शहरातल्या बाईला, आणि गावातल्या बाईने मात्र स्वतः खणून घ्यायचे, हा कुठला न्याय?

आणि जात विसरायची, ती कुणी? जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याचा प्रश्न या महाराष्ट्रात नेहमीच माणुसकीच्या हक्काचा प्रश्न म्हणून लढला गेला आहे. चरावर पंचेचाळीस दिवस जात विसरणे सोपे असते. खरी परीक्षा पंचेचाळीस दिवसांनंतर विहिरीच्या काठावर होते, आणि तिथे कॅमेरा नसतो.

दुसरी रीत आपल्याच मातीत होती

काहीच न करणाऱ्यांनी टीका करू नये, असे आम्हाला ऐकवले जाते. पण या महाराष्ट्रात पाणी अडवण्याच्या जोडीला ते वाटून दाखवणारे लोक झाले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आठवा. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले. तिथेही समन्यायी वाटपात भूमिहीनांचा वाटा धरला होता. त्याच भागात परित्यक्ता बाया संघटित झाल्या आणि जमिनीचा, पाण्याचा, घराचा हक्क मागू लागल्या. आपल्या विदर्भात ज्या शेतकरी संघटनेचा मोठा जोर होता तिने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि बायकोच्या नावे जमीन करून द्यायला पुरुषांना तयार केले. त्या कामांत त्रुटी होत्याच, त्यावर आपण भांडलोही आहोत. पण पाणी आणि जमीन कुणाच्या नावावर, हा प्रश्न त्यांनी मध्यभागी ठेवला होता.

कपने हा प्रश्न बाजूला ठेवला आणि म्हणूनच तो सगळ्यांना आवडला. मोठ्या उद्योगसमूहांच्या न्यासांना आवडला, सरकारला आवडला, गावच्या पाटलांना आवडला. ज्यात कुणाचेही काही जात नाही असा कार्यक्रम सगळ्यांनाच आवडतो. याच जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, पायी चालल्या, निवेदने दिली. शेजारी वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे, आमच्याकडे का नाही, एवढेच त्या विचारत होत्या. त्यांच्या एकजुटीसाठी कुणी कप ठेवला नाही, गाणे केले नाही. बायांची एकजूट गावाच्या कामी येते तेव्हा ती प्रेरणादायी असते. त्याच बाया स्वतःसाठी एक झाल्या की ती कटकट असते!

आपली गुणपत्रिका

मैत्रिणींनो, पाणलोटाचे काम करू नका असे मी म्हणत नाही. करायलाच हवे. पण यापुढे कोणतीही संस्था, कोणतेही अभियान, कोणताही कप गावात आला तर काम सुरू व्हायच्या आधी आपण पुढचे प्रश्न टाकावेत, आणि उत्तरे ठरावात लिहून घ्यावीत.

एक. सार्वजनिक जमिनीवरच्या कामाची मजुरी मिळणार का? रोजगाराच्या सरकारी योजनेत बसणारे काम फुकट का करायचे?

दोन. ज्या विहिरींचे पाणी या कामाने वाढेल त्यांचे मालक उन्हाळ्यात पिण्यासाठी पाणी देण्याचे लेखी मान्य करतील का? सार्वजनिक पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला १९९३ च्या भूजल कायद्यानेच बंदी घातली होती. पुढे २००९ चा कायदा आला. आपल्या गावात तो कधी वापरला गेला का?

तीन. भूमिहीन घरांचा वाढलेल्या पाण्यात वाटा काय? तळ्यातली मासळी, गाळपेर, गायरानातला चारा, भाजीपाल्यापुरते पाणी, यांतले काय बायांच्या गटाला मिळणार?

चार. विधवा, परित्यक्ता, एकट्या बायांची नावे सातबाऱ्यावर लावण्याचे काम त्याच पंचेचाळीस दिवसांत होणार का?

पाच. ग्राम पाणीपुरवठा समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. त्या कोण आहेत, त्यांना ते माहीत तरी आहे का, आणि धनादेशावर सही कुणाची?

सहा. घरचे पाणी कोण भरते?

सहावा प्रश्न वाचून सभेत हसू फुटेल. फुटू द्या. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. ती खरोखर भरवा, हे सहा प्रश्न तिथे वाचा आणि ठराव करून ग्रामसभेत न्या. ठराव नाकारला तर नाकारल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा, म्हणजे कुणी नाकारला ते पुढच्या निवडणुकीत आठवेल. कोणत्या गावाने काय उत्तर दिले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती उत्तरे छापू.